अंगावरचं आणि डब्यातलं

२ मार्च

प्रिय मावशी,

पाकीट बघून दचकली असशील. "भिंगरीनं फोन सोडून टपाल कुठून काढलं?" असं पुटपुटत चष्मा शोधला असशील. फोनचं असं आहे की आमच्या घरी फोन एकच, आणि सासूबाई तो स्पीकरवरच लावतात. कानाला लावला की डोकं तापतं म्हणे. मी काज-बटणं करते त्या दुकानातला फोन सहा शिलाई मशीनच्या मधोमध लटकतो, तिथं कुजबुजलं तरी सहा माना वळतात. म्हणून पत्र. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

आता खुर्चीवर बस आणि मग वाच. मला आठवा संपत आलाय हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे, की चौथ्या महिन्यात तपासण्या झाल्या त्यात मला एचआयव्ही निघाला. मग ह्यांचीही तपासणी झाली. त्यांनाही आहे. कुणाकडून कुणाला, यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ भांडलो. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले, कुणाच्या तरी खिडकीला काच बसवताना हात कापून घरी आले, आणि म्हणाले, "हा वाद इथंच संपला." पुन्हा विषय काढलेला नाही.

गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. रोज सकाळी आठला, दोघांच्या. माझ्या काजबटणाच्या डब्यात तळाशी ठेवते आणि वर कोटाची मोठी बटणं पसरते. सासूबाईंना यातलं अवाक्षर माहीत नाही.

परवाच्या तपासणीत विषाणू इतका कमी आला की मशीनला मोजताच आला नाही. दवाखान्यात एक चष्मेवाल्या ताई आहेत, सल्ला द्यायला. त्या म्हणतात, बाळ झालं की अंगावरचंच पाज. पहिले सहा महिने फक्त तेच, वरचं दूध नाही, पाण्याचा थेंबही नाही. तुझी गोळी एक दिवस चुकवायची नाही, आणि बाळाला पहिले सहा आठवडे रोज सिरप द्यायचं.

मावशी, मला भीती वाटते. ज्या दुधातून हे जाऊ शकतं तेच लेकराच्या तोंडात घालायचं? तू सत्तावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होतीस. आई गेल्यावर मला तूच वाढवलंस. तू काय म्हणतेस ते कळव.

तुझी भिंगरी


८ मार्च

भिंगरे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले. रडायचं काम उरकलं, आता कामाचं बोलू.

अंगावर पाजायचं नाही. एक थेंब नाही. शंभर-सव्वाशे आयांना मी स्वतः हे सांगितलंय, आणि तुला वेगळं सांगेन असं वाटलं होय? ती चष्मेवाली किती वर्षांची आहे? उचलली जीभ लावली टाळ्याला! मशीनला मोजता आला नाही म्हणजे आत नाहीच, असं तिला कुणी सांगितलं?

सोबत पार्सल पाठवते आहे. पावडरचे चार डबे, दोन बाटल्या, एक ब्रश. पाणी दहा मिनिटं खळखळून उकळायचं, बाटली वेगळी उकळायची. चमचा सपाट भरायचा, शीग लावायची नाही. माझ्या अक्षरात लिहून डब्याला चिकटवलंय. सासूबाईंना सांग, मावशीनं कौतुकानं पाठवलं.

दोघांनी वाद मिटवलात ते शहाणपणाचं केलंत. जावयाच्या हाताला टाके पडले का? जखम उघडी ठेवू नका म्हणावं.

मी तुला दोन हातांवर वाढवलं. तुझ्या लेकराचं वाकडं झालेलं मला बघायचं नाही. ऐक माझं.

मावशी


४ एप्रिल

प्रिय मावशी,

मुलगी झाली! आठ दिवस झाले. पावणेतीन किलो. ओरडते अशी की शेजारचे लोक गिरणीचा भोंगा झाला समजून डबे उघडतात. ह्यांनी नाव ठेवलंय भोंगाबाई. सिरप तोंडात घातलं की एक डोळा मिटते, अगदी तुझ्यासारखी.

आता जे लिहिते त्यावर रागव, पण शेवटपर्यंत वाच. तुझं पार्सल माझ्या उशाशी होतं. ती रडायला लागली तेव्हा चष्मेवाल्या ताई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "ठरवायचं तू. मी फक्त विचारते. नळाला पाणी रोज येतं?" म्हटलं, एक दिवसाआड. "गॅस महिनाभर पुरतो?" ओढूनताणून. "चार डबे किती दिवस जातील?" महिनाभर. "मग पुढचे पाच महिने?" मी डब्यांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या घरात स्वच्छ पाणी, जळण आणि पावडर सगळं कायम असतं, तर वेगळा विचार करता आला असता. तुझी मावशी खोटं सांगत नाही. तिच्या काळी ह्या गोळ्या नव्हत्या. आज आहेत, आणि तू त्या नेमानं घेतेस."

मी पदराआड घेतलं तिला, मावशी. ती अशी तुटून पडली की माझ्या भीतीला मधे शिरायला जागाच उरली नाही. रडले मात्र खूप.

रागावू नकोस. खरंच नको.

तुझी भिंगरी


११ एप्रिल

भिंगरी,

विचारायचं मावशीला आणि ऐकायचं परक्याचं, तर विचारलंस कशाला?

मी डोळ्यांनी बघितलंय ते तू बघितलेलं नाहीस. यापुढं काही झालं तर मला कळवू नकोस, माझ्याच्यानं सोसवणार नाही. डबे अजून बंद असतील तर आजच उघड.

मावशी


२० जून

प्रिय मावशी,

दोन महिने तुझं पत्र नाही. रोज दुपारी टपालवाला आला की सुई तशीच टोचून ठेवून मी दाराकडे बघते. आमच्या दुकानाच्या मालकीण, टेलरकाकू, म्हणतात, "माहेरच्या पत्राची वाट बघणाऱ्या बाईला मी शर्टाचे काज देत नाही, वाकडे होतात."

पहिली बातमी, चांगली. सहा आठवड्यांची झाली तेव्हा टाचेतून थेंबभर रक्त घेतलं होतं. रिपोर्ट स्वच्छ आला! ह्यांनी रिक्षात बसल्या बसल्या तीनदा वाचला.

दुसरी बातमी तुझ्यासाठी खास. मी तुझंही मन मोडलं नाही गं. एक जूनपासून कामावर येते. दिवसभर भोंगाबाई सासूबाईंजवळ असते, तेव्हा तुझ्या डब्यातलं दूध बाटलीनं घेते. सकाळ-संध्याकाळ आणि रात्री माझ्याजवळ, अंगावर. ताईंचं अर्धं ऐकलं, तुझं अर्धं ऐकलं. तू वाढवलंस मला, तुझा शब्द अगदीच कसा टाकू? ताईंना अजून सांगितलेलं नाही, पुढच्या खेपेला सांगेन. सासूबाई तर डब्यावर खूश आहेत. शेजारणींना दाखवतात, "विहीणबाईंनी पाठवलंय" म्हणून.

चार दिवस तिचं पोट जरा बिघडलंय. दिवसातून सात-आठ वेळा पातळ होतं. सासूबाई म्हणतात, उन्हाळ्याचं असतं.

आता तरी दोन ओळी लिही. अबोला पुरे झाला.

तुझी भिंगरी


२४ जून, कुरियरनं

भिंगरे,

डबा बंद कर. आत्ता. हे वाचताना तू दुकानात असशील, तर सुई खाली ठेव आणि घरी जा. मी काल फोन केला होता. सासूबाईंनी उचलला, स्पीकर चालू, मागं पाच-सहा बायकांचे आवाज. हवापाण्याची चौकशी करून ठेवून दिला. काय बोलणार होते?

आधी बाळ. तोंड कोरडं पडलंय का, रडताना डोळ्यांत पाणी येतं का, लंगोट किती वेळा ओला होतो, हे बघ. काही कमी वाटलं तर सरळ दवाखाना, घरचे उपाय नकोत. अंगावरचं दूध चालूच ठेव, ते तोडायचं नाही. मग चष्मेवालीला खरं खरं सांग. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

आता माझं ऐक. हे लिहायला मला दीड महिना लागला, आणि तेवढा उशीर झाला.

मेमध्ये मी इथल्या आरोग्य केंद्रात गेले होते. तुझ्या ताईला खोटं पाडायला गेले होते, दुसरं काही नाही. तिथं माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता मोठी सिस्टर झालीय. तिनं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सगळं समजावलं. आई नेमानं गोळ्या घेत असेल तर अंगावरचं पाजावं, पहिले सहा महिने निव्वळ तेच. वरच्या दुधानं नि पाण्यानं पोट बिघडतं, आतड्याचं अस्तर नाजूक होतं, आणि मग विषाणू आत शिरायचा धोका वाढतो. म्हणजे तुझी ताई बरोबर होती. मी घरी आले आणि तुला काही कळवलं नाही. लाज वाटली. मनाशी म्हटलं, पोरगी पाजतेच आहे, माझं चुकलं हे सांगितलं नाही तर काय बिघडणार? हे बिघडलं.

आणखी एक आहे. बावीस वर्षांपूर्वी वॉर्डात एक बाई होती, कायम हिरवी शाल पांघरलेली. तिलाही तुझ्यासारखाच एचआयव्ही होता. तिला मी डबा दिला. माझ्याच अक्षरात कागद चिकटवलेला. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं, आणि मी ते मनापासून केलं. तिच्या घरी पाणी लांबून भरून आणायचं, साठवायचं. तीन महिन्यांचं बाळ हगवणीनं दोन दिवसांत गेलं. महिन्यानं मोठ्या शहरातून बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. स्वच्छ. मूलच नाही तर कागद कुणाला देऊ, असं म्हणून मी तो माझ्या ट्रंकेत टाकला. अजून तिथंच आहे. ती बाई इथं बाजारात सुया-दोरे विकते. त्या गल्लीतून मी जात नाही, लांबून फिरून जाते.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पोळून पुन्हा तेच दूध तुझ्या हातात दिलं. तू माझ्यावर चीड, ओरड, पण आधी घरी जा.

मावशी


६ जुलै

प्रिय मावशी,

बाळ बरं आहे. हे पहिलं वाक्य तुझ्यासाठी.

तुझं पाकीट दुकानात उघडलं आणि उभीच राहिले. टेलरकाकूंनी माझ्या हातातला शर्ट काढून घेतला आणि म्हणाल्या, "जा." घरी पोचले तर सासूबाई बाटली हलवत होत्या. मी ती हातातून घेतली. त्या चिडल्या. "तुझ्या मावशीनं एवढं प्रेमानं पाठवलेलं..." मी दार लावलं आणि सांगून टाकलं. "आई, मला एचआयव्ही आहे. तुमच्या मुलालाही आहे. आम्ही दोघं रोज गोळ्या घेतो. बाळाला तो होऊ नये म्हणून तिला माझ्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही."

संध्याकाळी माझा पेला वेगळ्या फळीवर ठेवलेला दिसला. दुसऱ्या दिवशीही तसाच. ते मला लागलं मावशी, खूप लागलं. पण मी ठरवलं होतं, पेल्याचं नंतर बघू, आधी बाळ. ह्यांनी मात्र आपलाही पेला उचलून माझ्याशेजारी ठेवला.

दवाखान्यात गेलो. ताईंनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "गोळी किती वेळा चुकली?" म्हटलं, एकदाही नाही. "मग तुझं मोठं काम तू केलंयस. झालं ते झालं, दूध तोडू नकोस, आजपासून फक्त अंगावरचं." बाळाला पाण्यात कालवून द्यायला मीठ-साखरेची पुडी दिली डॉक्टरांनी, पोट थांबेपर्यंत. औषध म्हणून चालतं म्हणाले. पुन्हा रक्त घेतलं. दूध पिळून झाकणाच्या वाटीत कसं ठेवायचं, चमच्यानं कसं द्यायचं, तेही शिकवलं. काल रिपोर्ट आला. स्वच्छ!

आणि सासूबाई! तिसऱ्या दिवशी सकाळी विचारतात, "त्या गोळ्या ठेवतेस कुठं?" म्हटलं, काजबटणाच्या डब्यात. "शहाणीच आहेस. एखाद्या दिवशी बटण गिळशील आणि गोळी शर्टाला लावशील." त्यांनी तुझा पावडरचा डबा रिकामा केला, घासला, उन्हात वाळवला आणि गोळ्या त्यात ठेवल्या. फळीवर, उघड्यावर, सगळ्यांच्या पेल्यांशेजारी. माझाही पेला परत तिथंच आला. कशानं मन फिरलं ते मी विचारलं नाही. ह्यांना म्हणाल्या म्हणे, "एका घरात राहून मला परकी ठरवलंत, त्याचा राग जास्त होता."

आता त्या दिवसातून दोनदा भोंगाबाईला दुकानात घेऊन येतात. टेलरकाकूंनी ट्रायल रूम दिलीय. पडदा ओढून मी पाजते आणि बाहेर गिऱ्हाईक कोट हातात धरून वाट बघतं. परवा शेजारीण साखरपाणी घेऊन आली, तर सासूबाई दारातच उभ्या. "माझ्या नातीला पाणी पाजायचं असेल तर तीन महिन्यांनी या. तोवर स्वतः प्या."

तुझ्यावर चिडले का? चिडले. माफी वगैरे मागू नकोस, मीही अर्धं-अर्धं करत बसले नसते तर हे झालं नसतं. मेमध्येच लिहिलं असतंस, एवढंच वाटतं. पण तू लिहिलंस. तेही सगळं लिहिलंस.

मात्र तो ट्रंकेतला कागद तुझा नाही. तो त्या बाईचा आहे.

तुझी भिंगरी


१४ जुलै

भिंगरे,

पोट थांबलं हे वाचून जिवात जीव आला. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मला त्यांचा धाक वाटायला लागलाय, आणि वॉर्डात मला कुणाचा कधी वाटला नाही.

सहा महिने झाले की खिमट-पेज सुरू कर, अंगावरचं सोबत चालू दे. वर्षाची होईपर्यंत, की पुढंही, ते चष्मेवाली सांगेल. हो, तिलाच विचार. भोंगाबाईच्या तपासणीच्या तारखा मी इथं कॅलेंडरवर लाल केल्या आहेत.

कागदाचं तू लिहिलंस ते वाचलं. पुढं काही विचारू नकोस.

मावशी


३ ऑक्टोबर, पुढचं वर्ष

प्रिय मावशी,

तुझ्या कॅलेंडरवरची शेवटची लाल तारीख काल झाली. दीड वर्षाची आहे ती आता. गेल्या एप्रिलमध्ये अंगावरचं सोडवलं तेव्हा दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवशी मी. परवा रक्त दिलं तेव्हा रडली नाही, सिस्टरच्या हातातला कापूस मात्र पळवला.

ताईंनी आम्हा तिघांना आत बोलावलं. हे, मी आणि सासूबाई. म्हणाल्या, "ही शेवटची तपासणी. हिला एचआयव्ही नाही. आता पुन्हा यायचं ते फक्त तुम्ही दोघांनी, गोळ्यांसाठी."

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी फक्त विचारलं, "कागद मिळेल?" सासूबाईंनी तो घेतला, घडी केली आणि पोलक्यात ठेवला. घरी येईपर्यंत कुणाला दिला नाही. ही त्याची झेरॉक्स. तुझ्यासाठी वेगळी काढली.

एकदाही चुकवली नाही मावशी. जवळजवळ दोन वर्षं, रोज आठ वाजता. ज्या सकाळी ती तापानं फणफणली होती त्या सकाळीही, ह्यांची आणि माझी भांडणं झाली त्या सकाळीही.

माझं काम मी केलं. आता तुझं कर.

तुझी भिंगरी


१२ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझा कागद आला. उशीखाली ठेवून झोपले, हसू नकोस. सकाळी उठून ट्रंक उघडली.

गुडघा दुखत होता तरी लांबचा रस्ता घेतला नाही. सरळ त्या गल्लीतून गेले. ती हिरव्या शालीवाली तिथंच होती, सतरंजीवर सुया, दोरे, बटणं मांडून. केस पांढरे झालेत. तिनं मला लगेच ओळखलं. "सिस्टर, कितीची सुई हवी?" म्हणाली. जशी काही मी रोजचं गिऱ्हाईक.

मी खाली बसले. म्हटलं, तुझा एक कागद माझ्याकडे राहिलाय, तेवीस वर्षं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. बाळाची तारीख, वजन आणि शेवटची ओळ. तिला कळलं नाही. पुन्हा वाचला. मग तिनं विचारलं, "म्हणजे त्याला माझ्याकडून नव्हतं लागलं?"

म्हटलं, नाही. तुझ्याकडून त्याला काहीच लागलं नव्हतं. तो डब्याच्या दुधानं आणि पाण्यानं गेला. तो डबा मी दिला होता.

भिंगरे, ती बाई तेवीस वर्षं समजत होती की तिच्या रक्तानं तिचं मूल मारलं. नंतर गोळ्या आल्या, तेव्हापासून ती त्या घेते. पुन्हा मूल होऊ दिलं नाही तिनं. का, ते मी विचारलं नाही. विचारायची माझी लायकी नाही. आणि हा कागद सगळा वेळ माझ्या ट्रंकेत, लोकरीच्या स्वेटरखाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद घेतला, त्यावरून हात फिरवला आणि सुयांच्या पुड्यांखाली ठेवला. मग तिच्याकडे एक बाई आली, तिला तिनं पांढरा दोरा दिला. मला बस म्हणाली नाही. ऊठ असंही म्हणाली नाही.

म्हणून मी बसले. यापुढं दर मंगळवारी आरोग्य केंद्रात नव्या आयांबरोबर बसायचं ठरवलंय. मोठ्या सिस्टरनं हो म्हटलंय. आधी माझी चूक सांगणार, मग बाकीचं. पण त्या दिवशी तिथंच बसले. तिच्या सुया सगळ्या मिसळल्या होत्या. दुपारपर्यंत नंबराप्रमाणे लावून दिल्या.

मावशी